कळंबमध्ये तिसरी घंटा

डिसेंबर जवळ आला की वसईजवळच्या कळंबच्या बाजूला संध्याकाळी दोन आवाज ऐकू येतात. एक समुद्राचा, तो बारा महिने असतोच. दुसरा कुठल्या तरी शाळेच्या व्हरांड्यातून येणारा, स्पीकरवर पुन्हा पुन्हा मागे नेऊन लावलेल्या गाण्याचा. स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू असतात. तीन रांगा, पहिल्या रांगेत नाचता येणारी मुलं, तिसऱ्या रांगेत बाकीची. बाई टाळ्या वाजवून मात्रा मोजतात आणि मुलं सिनेमातल्या गाण्यावर ओठ हलवतात. अशाच एका तालमीनंतर तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीला मी विचारलं, ‘‘गाणं पाठ आहे तुला?’’ ती म्हणाली, ‘‘हो, सगळं.’’ ‘‘मग गात का नाहीस?’’ तिला माझा प्रश्नच कळेना. ‘‘गाणं लावलंय ना,’’ ती म्हणाली, ‘‘मग आम्ही कशाला गायचं?’’

त्या उत्तरात तिचा काही दोष नाही. गाणं ही लावायची गोष्ट आहे, असं आपणच तिला शिकवलं. तिच्या घरी आजी लग्नातली गाणी म्हणते. मागच्या आळीत भजनी मंडळ आहे, त्यांची पेटी आहे, पखवाज आहे. गणपतीत हीच मुलगी आरतीला टिपेचा सूर लावते. वसईच्या या पट्टीत चर्चचे गायकवृंद आहेत, लग्नाच्या वरातीपुढे चालणारे ब्रास बँड आहेत, कोळीवाड्यांत ढोलकी आहे. इतकं गाणारं गाव आपल्या मुलांना वर्षातून एकदा रंगमंचावर उभं करतं आणि त्यांचा गळा बंद ठेवतं. ही गोष्ट मला बरीच वर्षं सलत आली आहे. या लेखातून मला एवढंच सांगायचं आहे: मुलांचं संगीत नाटक मुंबईच्या नाट्यगृहांपुरतं नाही. कळंबसारख्या गावात ते उभं राहू शकतं, आणि त्यासाठी लागणारं जवळजवळ सगळं सामान गावात आधीपासून आहे.

दादरची वाट

अर्नाळ्यापासून वसईच्या किल्ल्यापर्यंत जो किनारा आहे, त्यावर कळंब येतं. सुरूची झाडं, केळीच्या आणि फुलांच्या वाड्या, मासे सुकवायच्या ओळी आणि शनिवार-रविवारी मुंबईहून येणारी पर्यटकांची गर्दी. इथल्या एखाद्या कुटुंबाला मुलांसाठी बालनाट्य बघायचं झालं तर आधी निर्मळ, सोपारा करत नालासोपारा स्टेशन गाठायचं, मग लोकल. बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, पार्ल्याचं दीनानाथ, नाहीतर थेट दादरचं शिवाजी मंदिर. दोन तासांच्या नाटकासाठी अख्खा दिवस जातो, आणि परतताना झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन गर्दीच्या गाडीत शिरायचं.

तरीही ज्यांनी ही वाट केली त्यांना ती जन्मभर आठवते. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत दादरला पाहिलेल्या एका बालनाट्याचं कथानक मी आज धड सांगू शकणार नाही. पण तिसरी घंटा झाली, अंधार झाला, पडद्यामागून पेटीचा सूर आला आणि माझ्या पुढच्या रांगेतल्या मुलाने आईचा हात घट्ट धरला, हे मला काल घडल्यासारखं दिसतं. घरी आल्यावर आम्ही भावंडांनी ओटीवर चादर बांधून तेच नाटक केलं. संवाद आठवत नव्हते. गाणी मात्र आठवत होती, म्हणून गाण्यांच्या आधाराने आम्ही गोष्ट जुळवली. संगीत बालनाट्याचं मर्म मला तेव्हा कळलं नव्हतं, आज कळतं. मूल गोष्ट सुराला बांधून घरी नेतं.

मोठ्यांनी गांभीर्याने घेतलेला खेळ

आधुनिक मराठी बालरंगभूमीची सुरुवात आपण सहसा 1959 पासून धरतो. त्याआधी शाळांच्या संमेलनांत मुलांची नाटकं होत होती, व्यावसायिक संगीत रंगभूमीवर मुलं कामही करत होती. छोटा गंधर्व दहा-बारा वर्षांचे असताना बालमोहन मंडळीत दाखल झाले होते. पण ती मुलं मोठ्यांच्या प्रेक्षकांपुढे मोठ्यांची नाटकं करत. मुलांसाठी, मुलांच्या नजरेने, पूर्ण तयारीचं नाटक करायचं हा विचार सुधा करमरकर यांनी आणला. त्यांचे वडील तात्या आमोणकर मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यकार्यात होते. सुधाताई स्वतः नृत्य शिकलेल्या. अमेरिकेत बालरंगभूमीचा अभ्यास करून त्या परतल्या आणि साहित्य संघाच्या आधाराने त्यांनी ‘लिटल थिएटर’ सुरू केलं. पहिलं नाटक ‘मधुमंजिरी’. लेखक होते विशीतले रत्नाकर मतकरी, आणि चेटकीण झाल्या होत्या स्वतः सुधाताई.

मुलांचं नाटक म्हणजे हौसेचा मामला, जमेल तसं करायचं, ही समजूत त्यांनी मोडली. गाणी, नृत्य, वेशभूषा, दृश्यांची जादू, सगळं मोठ्यांच्या नाटकाच्या तोलाचं. लहान प्रेक्षकाला कमी लेखायचं नाही, हा त्यांनी घालून दिलेला पहिला धडा.

दुसरा धडा मतकरींचा. 1962 मध्ये त्यांनी ‘बालनाट्य’ ही स्वतःची संस्था काढली. सुरुवातीची बरीच वर्षं बँक ऑफ इंडियातली नोकरी सांभाळून, पत्नी प्रतिभाताईंच्या साथीने त्यांनी ती तीन दशकं चालवली. ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अलबत्या गलबत्या’, ‘अचाट गावची अफाट मावशी’ ही नावंच मुलांच्या तोंडी खेळण्यासारखी आहेत. मतकरी चित्रकारही होते. नेपथ्याचा विचार ते स्वतः करत. नाटक उभं करायला पैशाआधी कल्पना लागते, हे त्यांनी वर्षानुवर्षं दाखवून दिलं. ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली होती. तेच नाटक 2018 मध्ये चिन्मय मांडलेकरांच्या दिग्दर्शनाखाली पुन्हा आलं, वैभव मांगले चेटकीण झाले, आणि एकाच दिवशी पाच प्रयोग लावावे लागले. मोबाइल हातात असलेल्या पिढीने नाट्यगृह भरून टाकलं. मुलांना आता नाटक नको असतं, असं म्हणणाऱ्यांना यापेक्षा वेगळं उत्तर द्यायची गरज नाही.

तिसरा धडा ‘आविष्कार’च्या ‘चंद्रशाला’चा, आणि तो कळंबच्या सर्वांत जवळचा आहे. सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. आपल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी विजय तेंडुलकरांकडून नाटकं लिहून घेतली. पुढे ‘आविष्कार’ संस्था उभी राहिल्यावर तिच्या ‘चंद्रशाला’ या बालविभागाने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ‘दुर्गा झाली गौरी’ हे नृत्यनाट्य केलं. हट्टी दुर्गेची गौरी कशी होते, त्याची ही गोष्ट. नृत्यरचना गुरू पार्वतीकुमार यांची, ज्यांनी तंजावरच्या सरफोजी राजांच्या मराठी नृत्यरचनांवर आयुष्य घालवलं. रंगमंचावर साठ-सत्तर मुलं. एवढी मुलं एका नाटकात असतात तेव्हा प्रत्येक मूल नायक होऊ शकत नाही. झाड होणारं मूल, लाट होणारं मूल, चौथ्या रांगेत पक्षी होणारं मूल. तरी त्यातली शेकडो मुलं मोठी होऊनही ‘आम्ही दुर्गामध्ये होतो’ असं अभिमानाने सांगतात. आपल्या व्हरांड्यातल्या तिसऱ्या रांगेला हेच मिळत नाही. नाटकात झाडालाही काम असतं. झाड वेळेवर हललं नाही तर वारा आलेला दिसत नाही.

पुण्यात 1986 पासून थिएटर अकादमीच्या मंडळींनी, डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने, बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत मराठीत आणली. राजा-राणी-राक्षस बाजूला ठेवून घर, शाळा, शेजार, आई-बाबांची भांडणं असे विषय घेतले. ‘छान छोटे वाईट्ट मोठे’ हे त्यातलं पहिलं नाटक. गाणं इथेही होतं, पण ते सजावटीला नव्हतं. मुलाला जे थेट बोलता येत नाही ते गाण्यात येत होतं. आणि मतकरींनी उतारवयात, 2014 पासून, ठाण्यातल्या वस्त्यांतल्या मुलांबरोबर ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. तिथे मुलांनी स्वतःच्या आयुष्यावरची नाटकं स्वतः रचली. ज्या माणसाने चेटकिणी आणि राक्षस लिहिले, त्याने शेवटी लेखणी मुलांच्या हातात दिली. 2020 च्या मे महिन्यात ते गेले, पण हे काम त्यांच्या सगळ्या नाटकांच्या बरोबरीचं आहे असं मी मानतो.

पट्टी, वारा आणि उतरलेली ढोलकी

आता कळंबला परत येऊ. मुलांचं संगीत नाटक करायचं ठरलं तर पहिली चूक कुठे होते? पेटीवर. शिकवणारे काका किंवा भजनी बुवा स्वतःच्या पट्टीत, म्हणजे काळी एक किंवा काळी दोनमध्ये, गाणं सांगायला लागतात. दहा वर्षांच्या मुलाचा गळा तिथे बसत नाही. निम्मी मुलं खाली पुटपुटतात, उरलेली एक सप्तक वर जाऊन किंचाळतात, आणि सगळे म्हणतात, ‘आमच्या पोरांना सूर नाही.’ सूर असतो, पट्टी चुकलेली असते. मुलगे असोत की मुली, या वयात गळा बायकांच्या पट्टीच्या आसपास, काळी चारच्या आगेमागे, मोकळा होतो.

एक सोपा उपाय आहे. पेटी बंद ठेवून मुलांना शाळेची रोजची प्रार्थना म्हणायला सांगायची. पाच-सहा ओळींत ती आपोआप एका सुरावर स्थिर होतात. मग हळूच पेटीवर तो सूर शोधायचा. जिथे सापडेल ती त्या मुलांची पट्टी. नाटकाची सगळी गाणी तिथून बांधायची. एकदा हे करून बघितलं तेव्हा ‘बेसूर’ म्हणून मागे बसवलेला एक मुलगा सगळ्यांत स्वच्छ गायला. त्याला आजवर कुणी त्याच्या जागी उभं केलं नव्हतं.

दुसरी अडचण श्वासाची. नाचताना गाता येत नाही, हे कुठल्याही नाचणाऱ्याला ठाऊक आहे. म्हणून लोक रेकॉर्ड केलेला ट्रॅक वापरतात. पण तमाशाने, दशावताराने, कीर्तनाने यावर फार पूर्वीच तोड काढली आहे: झीलकरी, म्हणजे मागे उभं राहून गाणं उचलून धरणारे. गाणारी दहा मुलं पेटी-ढोलकीजवळ उभी, नाचणारी मध्ये, आणि प्रत्येक कडव्यानंतर जागा बदलायची. जो आता नाचला तो पुढे झील धरतो. असं केलं की प्रत्येक मूल गातं आणि प्रत्येक मूल नाचतं. शिवाय ट्रॅक कुणासाठी थांबत नाही; ढोलकीवाले काका थांबतात. एखादी मुलगी संवाद विसरली तर ते दोन आवर्तनं जास्त वाजवतात, तेवढ्यात तिला आठवतं. मशीनला हे औदार्य नसतं.

तिसरी गोष्ट खास किनाऱ्याची. हिवाळ्यात सूर्य बुडाला की कळंबला दव पडायला लागतं, हवा खारी आणि दमट होते. ढोलकीचं कातडं ओलावा धरतं, सैल पडतं, सूर उतरतो. संध्याकाळी सहाला पेटीशी जुळवलेली ढोलकी आठला वेगळंच बोलते. म्हणून गावचे जाणते वाजवणारे दोन ढोलक्या ठेवतात: एक हातात, दुसरी विस्तवाजवळ शेकत. मुलांच्या नाटकात हे काम मुलांकडेच द्यावं. ढोलकी शेकवणारं मूल नाटकाचं तितकंच भागीदार असतं.

आणि रंगमंच? व्यासपीठ भाड्याने आणून त्यावर झगमगते पडदे लावायची काही गरज नाही. सुरूच्या बनाजवळचं मोकळं मैदान घ्यावं. नटांची पाठ समुद्राकडे, प्रेक्षकांची तोंडं समुद्राकडे. सूर्य बुडेपर्यंत थांबायचं, नाहीतर उन्हाची तिरीप प्रेक्षकांच्या डोळ्यांत जाते. त्या वेळी वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहत असतो; तो मुलांचा आवाज उचलून प्रेक्षकांपर्यंत आणून देतो. उलट मांडणी केली तर तोच वारा प्रत्येक वाक्य पाण्यात नेऊन टाकतो, आणि मग माईक, त्यावरची घरघर, किंचाळणारे स्पीकर हे सगळं मागे लागतं. सतरंज्यांवर मुलं पुढे, मोठी माणसं मागे अर्धवर्तुळात. शंभर-दोनशे माणसांपर्यंत मुलांचा मोकळा आवाज नीट पोहोचतो. त्याहून जास्त गर्दी झाली तर दुसऱ्या दिवशी दुसरा प्रयोग करावा. दोन प्रयोग झाले की मुलांना कळतं, कालचं नाटक आज तसंच होत नसतं.

गोष्ट कुठली?

नेहमी हा प्रश्न आला की शिक्षक तयार संहिता शोधतात. तयार नाटक जरूर करावं. लेखकाची किंवा त्याच्या वारसांची परवानगी घ्यावी आणि जाहीर प्रयोग असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही. पण कळंबच्या उंबऱ्यावर एक गोष्ट दोन हजार वर्षांहून अधिक काळ पडून आहे.

कळंबपासून फार दूर नसलेलं सोपारा हे प्राचीन शूर्पारक, पाली ग्रंथांतलं सुप्पारक. ग्रीक खलाशांच्या पेरिप्लसमध्येही या बंदराचं नाव येतं. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथला स्तूप खोदला, ज्याला लोक बुरुड राजाचा कोट म्हणत. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यात मिळाला, तर नवव्या लेखाचा तुकडा 1956 मध्ये कळंबच्या शेजारच्या भुईगावात. आणि बौद्ध जातककथांमध्ये याच नावाच्या एका नावाड्याची कथा आहे: सुप्पारक जातक.

गोष्ट अशी. सुप्पारक हा भरुकच्छचा, म्हणजे आजच्या भडोचचा, निष्णात नावाडी. खाऱ्या पाण्याने त्याचे डोळे जातात. तरी सातशे व्यापारी त्यालाच जहाजाचा तांडेल करतात. वादळात जहाज भरकटतं आणि चार महिने अनोळखी पाण्यात फिरतं. एक समुद्र येतो, त्यात वस्तऱ्यासारख्या नाकाचे मासे वरखाली बुड्या मारताहेत. घाबरलेले व्यापारी विचारतात, हा कुठला समुद्र? आंधळा सुप्पारक सांगतो, हा खुरमाली. मग आगीसारखा धगधगणारा अग्गिमाली, दह्यासारखा पांढरा दधिमाली, हिरव्या दर्भासारखा कुसमाली, बोरूच्या बनासारखा नळमाली. प्रत्येक समुद्राच्या तळाशी धन आहे: हिरे, सोनं, चांदी, रत्नं. सुप्पारकाला ते माहीत असतं, पण तो सांगत नाही, कारण सांगितलं तर हावरे व्यापारी इतकं भरतील की जहाज बुडेल. तो गुपचूप, जहाजाला वजन हवं म्हणून, थोडं थोडं वर काढायला लावतो. शेवटी वळभामुख येतं, जिथे पाणी सगळीकडून आत ओढलं जातं आणि भिंतीसारखं वर उठतं. सातशे माणसं एकदम आक्रोश करतात. तेव्हा सुप्पारक जहाजाच्या नाळेवर उभा राहून सत्याची शपथ घेतो: मला कळतं तेव्हापासून मी जाणूनबुजून एकाही जिवाला मारलेलं नाही. आणि चार महिने भरकटलेलं जहाज एका दिवसात घरी येतं; इतकंच नाही, जमिनीवरही सरकत थेट नावाड्याच्या दारात येऊन थांबतं.

मूळ कथेत व्यापारी गाथेत प्रश्न विचारतात आणि सुप्पारक गाथेतच उत्तर देतो. म्हणजे ही गोष्ट जन्मापासूनच संगीत नाटक आहे! सहा समुद्र, सहा गाणी, प्रत्येकाचा ठेका वेगळा. खुरमालीला कोळीगीताचा उसळता ठेका. दधिमालीला पाळण्याची चाल. नळमालीला बांबूच्या काठ्यांचा आवाज. आणि वळभामुखाला वाद्यच नको: चाळीस मुलांनी आधी तळहात घासायचे, मग चुटक्या, मग मांड्यांवर थापा, मग पायांनी जमीन, आणि तो आवाज वाढवत वाढवत न्यायचा. मग एकदम शांतता. त्या शांततेत एकट्या सुप्पारकाचा सूर. मागे खरा समुद्र असतोच.

नेपथ्याला मासे धरायचं जुनं जाळं पुरे. दोन्ही बाजूंनी मुलांनी धरून हलवलं की समुद्र. त्यावर आईची भगवी साडी टाकली की अग्गिमाली, पांढरी चादर टाकली की दधिमाली, केळीची पानं टाकली की कुसमाली. सातशे व्यापारी म्हणजे गावात जितकी मुलं असतील तितकी. कुणालाच ‘जागा नाही’ म्हणून परत पाठवावं लागत नाही. आणि नायक आंधळा आहे. कांचन सोनटक्के यांच्या ‘नाट्यशाला’ने 1981 पासून अपंग, अंध, कर्णबधिर मुलांना घेऊन नाटकं केली आणि ती मुलं रंगमंचावर काय करू शकतात हे महाराष्ट्राला दाखवलं. गावात न दिसणारं एखादं मूल असेल तर सुप्पारकाची भूमिका त्याच्यासाठीच लिहिली आहे असं समजावं.

आणखी एक. सुप्पारक म्हणजे बंदर, आणि बंदर म्हणजे अनेक भाषा. या पट्टीत वाडवळी आहे, कादोडी आहे, मांगेली आहे, आगरी आहे. या बोली मुलं घरी बोलतात आणि शाळेच्या फाटकात सोडून येतात, कारण त्या बोलल्या की कुणीतरी हसतं. जहाजावरचा प्रत्येक व्यापारी आपापल्या बोलीत घाबरला, आपापल्या बोलीत देवाला हाक मारू लागला, तर त्या मुलांच्या तोंडी काय बळ येईल! नालासोपाऱ्यात राहायला आलेल्या घरांतली भोजपुरी, गुजराती बोलणारी मुलंही त्याच जहाजावर चढतील. आजीला तालमीला बोलवावं आणि तिच्याकडून लग्नगीताची एक चाल घ्यावी. त्या आजीला पहिल्या रांगेत खुर्ची द्यावी.

शेवटी गोष्टीचा गाभा. तळाशी धन आहे हे माहीत असूनही किती उचलायचं हे ठरवणारा नावाडी. आज कळंब, राजोडी, भुईगावच्या किनाऱ्यावर लाटांनी सुरूची झाडं मुळासकट पडताना मुलं बघतात. वाळूत प्लास्टिक बघतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईसाठी लढा दिला, तो याच पाण्यासाठी आणि मातीसाठी. हा विषय भाषणातून मुलांना सांगावा लागत नाही. सुप्पारक नाळेवर उभा राहिला की तो पोहोचतो.

सहा आठवडे

पैशांचा प्रश्न येतो, पण खरी टंचाई वेळेची आहे. शिक्षकांवर परीक्षांचं ओझं, पालकांना लोकल, मुलांना शिकवणी. म्हणून माझा हिशोब सरळ आहे. दिवाळीची सुट्टी संपली की रोज एक तास, सहा आठवडे. पहिले दोन आठवडे फक्त गाणी आणि खेळ, नाटकातली हालचाल काही नाही. तिसऱ्यात चालता चालता गायचं. चौथ्यात प्रसंग बसवायचे. पाचव्यात जाळं, साड्या, काठ्या हातात द्यायच्या. सहाव्यात रंगीत तालीम, तीही प्रयोगाच्याच वेळी, त्याच जागी, म्हणजे दव आणि वारा दोन्ही कळतात. नाटकाची लांबी चाळीस मिनिटं. नमुना म्हणून राज्य शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची बालनाट्य स्पर्धा एकदा मुलांना दाखवून आणावी. पण पहिल्या वर्षी स्पर्धेत उतरू नये. बक्षिसाची घाई झाली की चौथ्या रांगेतली मुलं गळतात.

5 नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो, कारण 1843 मध्ये याच दिवशी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं. सांगली तेव्हा मुंबई-पुण्यासारखं शहर नव्हतं. मराठी नाटक मोठ्या शहराची वाट न बघता एका संस्थानाच्या गावात जन्मलं. मग मुलांच्या नाटकाने किनाऱ्यावरच्या गावात जन्मायला काय हरकत आहे?

हा दिवाळी अंक हातात पडेल तेव्हा फराळ चालू असेल आणि शाळेत संमेलनाच्या याद्या व्हायच्या असतील. कळंबच्या आणि तुमच्या गावच्या शिक्षकांना, भजनी मंडळांना, आयांना माझी कळकळीची विनंती आहे. यंदाच्या संमेलनातला एक, फक्त एकच रेकॉर्ड डान्स काढा, आणि त्या जागी मुलांच्या गळ्यातलं चाळीस मिनिटांचं नाटक ठेवा. पेटीवाल्या बुवांना आजच जाऊन सांगा. आणि तिसऱ्या रांगेतल्या त्या मुलीला आधी विचारा, तुझ्या आजीला कुठली गाणी येतात.